चिपळूणला नवा नेत्र दवाखाना: आधी काय घ्यावं?

प्रश्न: फक्त ओपीडी, शस्त्रक्रिया नाही. खोली १० बाय १२ फूट. बजेट आटोपशीर. पैसे कुठे घालावेत?

उत्तर १: स्लिट लॅम्पवर (प्रकाशाच्या बारीक फटीने डोळा मोठा करून बघायचं यंत्र), डोळे झाकून. डेमोत फट अगदी बारीक करा. कडा फाटलेली दिसली तर नको. मोठेपणा १० वरून १६ पटीवर नेताना फोकस सुटता कामा नये. अ‍ॅप्लनेशन टोनोमीटरचं (डोळ्यातला दाब मोजायचं साधन) माउंट त्याच लॅम्पला बसतं ना, हे ऑर्डरआधी बघा. सोबतची कॅलिब्रेशन दांडी (टोनोमीटर दाब बरोबर दाखवतो का ते तपासायला) मागून घ्या: ०, २, ६ ग्रॅमच्या खुणा म्हणजे ०, २०, ६० मिमी पारा. विक्रेते ती हमखास 'विसरतात'.

उत्तर २: ऑटोरिफ्रॅक्टर (चष्म्याचा नंबर आपोआप काढणारं मशीन) थांबू शकतो. रेटिनोस्कोप (प्रकाश टाकून हाताने नंबर काढायचं साधन) नि ट्रायल सेट (नंबर तपासायच्या भिंगांची पेटी) आधी. मुलांत डोळ्याचा फोकस सैल करणाऱ्या थेंबांशिवाय मशीनचा आकडा मायनसकडे झुकतो. १२ फुटांत ३ मीटरवर आरसा, नि उलट्या अक्षरांचा तक्ता रुग्णाच्या डोक्याशी. ६ मीटरचं काम होतं.

उत्तर ३: कोकणात बुरशी भिंगं खाते. ९० डी लेन्स (स्लिट लॅम्पसोबत डोळ्याचा पडदा बघायचं हातातलं भिंग) सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. स्लिट लॅम्पवर कव्हर दिवा गार झाल्यावरच, नाहीतर आत दमट वाफ कोंडते.