सिंहस्थ २०२८ च्या भरवशावर इंदूरमध्ये छोटे हॉटेल काढावे का?

रामबागकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. उज्जैन रस्त्यावर, लवकुश चौकाच्या थोडे पुढे आमची वडिलोपार्जित जागा मोकळी पडून आहे. तिच्यावर बारा खोल्यांचे साधे, स्वच्छ हॉटेल बांधावे असा बाबांचा आग्रह आहे. बांधकाम आणि सामानासाठी साधारण दोन कोटींचे कर्ज लागेल आणि बँकेने साडेदहा टक्के व्याजदर सांगितला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनच्या महाकाल मंदिराभोवतीच्या ‘महाकाल लोक’ परिसराचे उद्घाटन झाल्यापासून या रस्त्यावरची वाहतूक आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो. राज्याच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये एकट्या उज्जैनमध्ये सात कोटींहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या, आणि २०२८ मध्ये तर उज्जैनचा सिंहस्थ कुंभमेळाच आहे. बाबांच्या मते यापेक्षा चांगली वेळ येणार नाही. मला मात्र एवढी गर्दी असूनही या रस्त्यावरची काही लॉज आठवड्याच्या मधल्या दिवसांत अंधारी का दिसतात, हे कळत नाही. या धंद्यातल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना व्यवस्थापक

आपण ज्याला गर्दी म्हणता तिच्यात आणि हॉटेलच्या गिऱ्हाइकात बरेच अंतर आहे, आणि लहान हॉटेले अडचणीत येतात ती बहुधा हे अंतर न मोजल्यामुळे. सरकारी आकडे भेटींचे असतात. एकच कुटुंब उज्जैन, ओंकारेश्वर आणि इंदूर असे फिरले, तर ते तिन्ही ठिकाणी वेगवेगळे मोजले जाते. त्या भेटीत कोणी रात्री मुक्काम केला का, केला तर धर्मशाळेत, नातेवाइकांकडे की हॉटेलात, हे त्या आकड्यातून कळत नाही. हॉटेल मात्र रात्रींवर चालते. काल रात्री रिकामी राहिलेली खोली आज दोनदा विकता येत नाही.

आता तुमच्या जागेचा विचार करा. इंदूर ते उज्जैन हे अंतर साधारण पंचावन्न किलोमीटर आहे. ज्याला महाकालाच्या पहाटेच्या भस्म आरतीला जायचे आहे त्याला पहाटे चारच्या आत मंदिरात असावे लागते, म्हणून तो मुक्काम उज्जैनमध्येच करतो. ज्याला नुसते दर्शन घ्यायचे आहे तो सकाळी इंदूरच्या विमानतळावर उतरतो, टॅक्सी करतो आणि संध्याकाळच्या विमानाने परत जातो, किंवा ओंकारेश्वरला पुढे निघतो. जून २०२३ मध्ये भोपाळ-इंदूर म्हणून सुरू झालेली आणि नंतर नागपूरपर्यंत वाढवलेली वंदे भारत उज्जैनला थांबते. रस्ते आणि गाड्या सुधारल्या की प्रवासी वाढतात हे खरे, पण त्याच सुधारणांमुळे त्यांना मधे थांबण्याची गरज उरत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या देशांत हा पेच सगळीकडे दिसतो: सरकार रस्ता, विमानतळ आणि मंदिर परिसर बांधते, आकडे फुगतात, ते पाहून खाजगी भांडवल खोल्या बांधते, आणि खोल्या तयार होतात तेव्हा मुक्काम तेवढ्या प्रमाणात वाढलेला नसतो.

सिंहस्थाचा हिशेब कागदावर मांडून पाहू. दोन कोटींवर साडेदहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच २१ लाख होते. बारा खोल्यांच्या वर्षाला ४,३८० रात्री होतात. त्यातल्या चाळीस टक्के विकल्या गेल्या, तर विकलेल्या प्रत्येक रात्रीवर सुमारे १,२०० रुपये निव्वळ व्याजाचे पडतात. पगार, वीज, धुलाई, नाश्ता आणि दुरुस्ती यांचा खर्च त्यानंतर सुरू होतो. आता सिंहस्थात तीस रात्री सगळ्या खोल्या आठ हजार रुपयांनी गेल्या असे धरू, जे फार उदार गृहीतक आहे. मिळकत २८ लाख ८० हजार होते. म्हणजे बारा वर्षांतून एकदा येणारा मेळा, खर्च वजा न करतासुद्धा, जेमतेम सव्वा-दीड वर्षाचे व्याज भागवतो. शिवाय मुख्य स्नानांच्या दिवशी वाहने शहराच्या बाहेर अडवली जातात, त्यामुळे इंदूरमध्ये उतरलेल्या पाहुण्याला घाटापर्यंत पोहोचणेच कठीण जाते. मेळ्याला वरकड उत्पन्न समजावे, पायाच्या हिशेबात धरू नये.

हिशेबनीस

वरील मांडणीत कराची बाजू जोडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची सोय, गेले. पाहुण्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, कारण तीन हजारांच्या खोलीवर त्याचे २१० रुपये वाचतात. हॉटेलवाल्याचे चित्र वेगळे आहे. ऑनलाइन बुकिंग कंपनीने त्याच खोलीवर वीस टक्के कमिशन घेतले, तर ६०० रुपये आणि त्यावर अठरा टक्क्यांनी १०८ रुपये कर जातो. हे १०८ रुपये पूर्वी वजा करून घेता येत, आता ते खर्चात बसतात. एसी, गाद्या आणि स्वयंपाकघराचे सामान यांच्यावरच्या कराचेही तसेच आहे. इमारतीच्या बांधकामावरचे क्रेडिट तर आधीपासूनच मिळत नव्हते, तेव्हा त्या आशेवर कोणी हिशेब मांडला असेल तर तो पुन्हा मांडावा.

या कंपन्यांशिवाय नव्या हॉटेलला पाहुणा मिळणे अवघड असते, म्हणून अटीही त्यांच्याच चालतात. हॉटेलने इतरत्र स्वस्तात खोली विकू नये अशा बंधनांवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला सुमारे २२३ कोटींचा दंड ठोठावला होता, यावरून छोट्या मालकाची बाजू किती दुबळी असते याची कल्पना यावी.

कर्जाबद्दल एकच गोष्ट. हॉटेलांना ‘पायाभूत सुविधा’ म्हणून जी सवलतीची दीर्घ मुदत मिळते, ती तीन तारे किंवा त्याहून वरच्या हॉटेलांना दहा लाखांपेक्षा मोठ्या शहरांबाहेरच मिळते. शहरात हवी असल्यास प्रकल्प दोनशे कोटींच्या वरचा लागतो. २०११ च्या जनगणनेतच इंदूर साडेएकोणीस लाखांच्या वर होते. तुम्हाला साधे व्यापारी कर्जच मिळेल, आणि सात-आठ वर्षांत फेडायच्या कर्जावर पंचवीस वर्षे टिकणारी इमारत उभी करणे, ही या धंद्यातली मोठी ओढाताण आहे.

पाटनीपुरा

वरच्या दोघांनी जरा जास्तच घाबरवले आहे. त्या भागात मोठे रुग्णालय आहे आणि सांवेर रोडची औद्योगिक वसाहत जवळ आहे. रुग्णांचे नातेवाईक आठवडाआठवडा राहतात, यंत्रे बसवायला आलेले अभियंते सोमवार ते शुक्रवार राहतात, आणि भाविक शनिवार-रविवारी येतात. मधले दिवस अंधारे दिसतात ते भाविकांसाठीच बांधलेल्या लॉजचे. खोलीत छोटी शेगडी आणि फ्रिज ठेवा, जवळ साधा मराठी-माळवी डबा मिळण्याची सोय करा, मंगळवारसुद्धा भरेल.

नर्मदाकाठ

मी महेश्वरला आमच्या राहत्या घरात दोन खोल्यांचा होमस्टे चालवते. कर्ज नाही, म्हणून पावसाळ्यातला रिकामा महिना सोसतो. माझ्या अनुभवात खरी अडचण माणसांची आहे. भोपाळ आणि ग्वाल्हेरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांतून शिकलेली मुले मोठ्या साखळ्यांत, जहाजांवर किंवा दुबईला जातात, आणि त्यांचा दोष नाही. बारा तासांची पाळी आणि सणावारी सुट्टी नाही, अशा नोकरीत कोण टिकेल? आपण गावातल्या बायकांना शिकवतो, त्या तयार होतात, आणि मग शेजारचे नवे रिसॉर्ट हजार रुपये जास्त देऊन त्यांना नेते. त्यामुळे पगाराचा आकडा आजचा न धरता तिसऱ्या वर्षाचा धरावा.

दुसरे, पाणी. इंदूरला नर्मदेचे पाणी आमच्याच बाजूच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चढवून नेतात. शहराच्या कडेच्या वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरवर राहावे लागते, आणि चादरी तर रोज धुवाव्याच लागतात. बोअरचे पाणी मे महिन्यात तपासल्याशिवाय नकाशा काढू नका, ही विनंती.

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना व्याजाचा हिशेब वाचून दाखवला. ते सिंहस्थावरून हटलेले नाहीत, पण बारा खोल्यांऐवजी आधी सहा बांधून पाहाव्या, इतके मान्य करतात. अशी टप्प्याटप्प्याने बांधणी करण्यात काही तोटा आहे का?

जुना व्यवस्थापक

सहा खोल्यांना रात्रीचा माणूस, सफाई आणि जनरेटर जवळजवळ बाराइतकाच लागतो, हा तोटा आहे. म्हणून कर्ज निम्म्याहून कमी ठेवा, म्हणजे तो भरून निघेल. पाया आणि खांब मात्र वरच्या मजल्याच्या हिशेबाने घाला, जिन्याची रुंदी आणि अग्निशमनाची टाकी बारा खोल्यांच्या नियमाप्रमाणे आत्ताच करून घ्या, कारण या दोन गोष्टी नंतर वाढवताना अर्धे बांधकाम फोडावे लागते. वरचा मजला चढवायचा की नाही, हे मंगळवार-बुधवारच्या रात्री वर्षभर वहीत लिहून मग ठरवा. शनिवारचे आकडे त्या वहीत घेऊच नका. आणि पाटनीपुरा म्हणतात ती शेगडीची सूचना चांगली आहे, फक्त गॅसऐवजी इंडक्शन ठेवा.