ओव्याचं तेल, पुदिन्याचं तेल आणि कोलायटिस: डॉक्टर एवढे का बिचकतात?

शेपूची भाजी
मावसभावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. ओव्याच्या तेलाबद्दल विचारलं तर डॉक्टरांनी 'असलं काही घेऊ नका' म्हणून विषयच मिटवला. मला हे पटलेलं नाही. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं आणि त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉल ओरेगॅनोत. कोलायटिस झालेल्या उंदरांना थाइम-ओरेगॅनोच्या तेलांचं मिश्रण दिल्याचा २००७ चा प्रयोग आहे. त्यात आतड्याचं नुकसान कमी झालं, उंदीर कमी दगावले. पेपरमिंट तेल तर अमेरिकन तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. मग माणसांवर मोठ्या चाचण्या का होत नाहीत? ओव्यावर पेटंट मिळत नाही म्हणूनच ना?

रात्रपाळी
त्या २०२१ च्या सूचना आयबीएसच्या (चिडक्या आतड्याच्या) आहेत हो, आयबीडीच्या (कोलायटिससारख्या आतड्याच्या दाहाच्या आजारांच्या) नाहीत! आणि तिथेही शिफारस सौम्यच. आयबीएसमध्ये दुर्बिणीतून आतडं ठणठणीत दिसतं, फक्त वागायला चिडकं. कोलायटिसमध्ये अस्तराला जखमा असतात, रक्त पडतं. पुदिन्याच्या तेलातलं मेन्थॉल आतड्याचे स्नायू सैल करतं, त्यामुळे कळ थांबते. जखम भरते असं त्यावरून म्हणता येत नाही.

उंदरांचंही तसंच. त्यांना पाण्यातून डीएसएस नावाचं रसायन पाजून किंवा गुदद्वारातून टीएनबीएस हे दुसरं रसायन देऊन कोलायटिस मुद्दाम घडवतात. डीएसएस बंद केलं की बऱ्याच उंदरांचं आतडं आपोआप सुधारू लागतं. माणसाचा आजार असा बंद करता येत नाही, तो वर्षानुवर्षं उलटत राहतो. तुम्ही म्हणता त्या २००७ च्या प्रयोगातही गुण दिसला तो मधल्या मात्रेला. तेव्हा थेंब वाढवले की फायदा वाढेल, हे विसरा.

कडू कारलं
रात्रपाळी, उंदीर नको म्हणता, चला माणसं घ्या. हळदीतलं कर्क्युमिन. जपानमध्ये २००६ साली शांत अवस्थेतल्या रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम दिलं. सहा महिन्यांत आजार उलटला तो ४३ पैकी दोघांचा, नुसत्या औषधावरच्या गटात ३९ पैकी आठ जणांचा. वनस्पतीला संधी दिली तर असं होतं.

रात्रपाळी
मान्य, चांगला प्रयोग. पण कर्क्युमिन हे तेल नव्हे, हळदीच्या तेलात टर्मेरोन नावाची वेगळी द्रव्यं असतात. शिवाय दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा उपयोग झाला नाही. तुमच्याच उदाहरणात मात्रा एवढी महत्त्वाची, आणि बाजारातल्या तेलाच्या बाटलीवर 'दोन-तीन थेंब'! थेंब कोणाचा, ड्रॉपरचा की चमच्याचा? त्यातून साधं तेल बरंचसं पोटात आणि लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत न्यायचं तर वेगळं आवरण लागतं.

मेसालामाइनवाली
मला आठ वर्षं कोलायटिस आहे. घरी अमृतधारा असायचीच: पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल, कापूर. मुरडा आला की सासूबाई बत्ताशावर द्यायच्या आणि बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मागच्या पावसाळ्यात कळा थांबलेल्या असूनही कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारी शौचाची तपासणी) चढलेलं निघालं. पोट शांत आणि आत आग, याचीच मला जास्त भीती वाटते.

शेपूची भाजी
म्हणजे तेल पोटातल्या कळांवर चालतं हे तुम्हीही सांगताय. मग मेसालामाइन (कोलायटिसचं नेहमीचं औषध) चालू ठेवून, कॅलप्रोटेक्टिन मोजत, आवरणवाल्या कॅप्सूलमधून चाचणी करा ना! 'पुरावा नाही' म्हणायचं आणि पुरावा गोळा करायला पैसे द्यायचे नाहीत, ही पळवाट आहे.

रात्रपाळी
चाचणीला माझा विरोध नाही, पैशांबाबत तुमचं बरोबरच आहे. विरोध आहे तो चाचणीआधीच्या बाटलीला. चिनी 'चिंग दाई', म्हणजे वनस्पतीपासूनची नीळ, कोलायटिसवर खरंच काम करते. तरीही फुप्फुसांच्या धमन्यांतला दाब वाढल्याच्या तक्रारी आल्यावर २०१६ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला. गुण असलेल्या वस्तूला दोषही असू शकतो.

आणि मेसालामाइनवाली, अमृतधारेतल्या कापराने झटके येऊ शकतात, लहान मुलांना तर फारच लवकर. बाटली त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

कडू कारलं
नीळ आणि ओवा एकाच टोपलीत? ओवा आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय.

रात्रपाळी
दाणे खातोय. त्याचं काढलेलं तेल आपण पिढ्यान्‌पिढ्या रोज प्यायलेलो नाही.