मदत हवी आहे: मतदारसंघांचा नकाशा पक्षपाती आहे हे आकड्यांवरून कसं ठरवायचं?

नमस्कार. आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो. मुलगी अकरावीत आहे, तिने प्रकल्पासाठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघांच्या सीमा हा विषय घेतलाय. तिला मदत करता करता मीच त्यात गुंतले आणि एका जागी अडले.

पेनसिल्व्हेनियाच्या 2011 च्या नकाशात आमच्याकडचा सातवा मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की लोक त्याला ‘डोनाल्ड डकला लाथ मारणारा गूफी’ म्हणत. एके ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम एका रेस्तराँएवढी! 2012 मध्ये डेमोक्रॅट्सना राज्यात निम्म्याहून किंचित जास्त मतं पडली, जागा मात्र 18 पैकी 5. 2018 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकाशा रद्द केला. इथवर कळतं.

मग ‘वाया गेलेल्या मतां’चं गणित वाचलं. हरलेल्याची सगळी मतं वाया, जिंकणाऱ्याची निम्म्यावरची वाया. समजा तीन मतदारसंघ, प्रत्येकी 100 मतं. ‘अ’ पक्षाला 90, 45, 45. एकूण 180 मतं, तरी जागा एकच! ‘अ’ची 130 मतं वाया, ‘ब’ची फक्त 20. फरक 110, म्हणजे 300 मतांच्या जवळपास 37 टक्के. एका जागी समर्थक कोंबायचे, उरलेले विखरून टाकायचे, ही युक्ती यात स्पष्ट दिसते.

पण मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकनांना साधारण एक तृतीयांश मतं मिळतात आणि 1994 नंतर तिथून त्यांचा एकही प्रतिनिधी निवडून आलेला नाही. या गणिताने तो नकाशाही दोषी ठरतो. तिथेही लबाडी आहे का? नसेल, तर मुलीने कुठलं माप वापरावं?

प्रतिसाद

ताई, तिथे नकाशाचा दोष नाही. रिपब्लिकन मतदार राज्यभर सारखे पसरलेत. गणितज्ञांनी तपासलं तेव्हा काही निवडणुकांच्या मतांवर कसाही नियमात बसणारा नकाशा काढला तरी डेमोक्रॅट्सच सगळ्या जागा जिंकतात असं निघालं.

म्हणून जागांची तुलना मतांच्या टक्केवारीशी न करता त्याच राज्यात निघू शकणाऱ्या इतर नकाशांशी करावी. पेनसिल्व्हेनियाच्या खटल्यात नेमकं हेच झालं. संगणकाने पक्ष न बघता 500 नकाशे काढले, एकातही रिपब्लिकनांना 13 जागा मिळाल्या नाहीत. नुसता आकार बघू नका, समुद्रकिनाऱ्याने किंवा नदीनेही सीमा वाकडी होते. समान लोकसंख्येची अट तर 1964 पासूनच आहे, ती 2011 च्या नकाशानेही काटेकोर पाळली होती.

नव्या नकाशावर 2018 मध्ये 9-9 जागा झाल्या हा पुरावा म्हणून देऊ नका. त्या वर्षी डेमोक्रॅट्सची मतंच 55 टक्क्यांवर गेली होती.

आणि 2018 चा निकाल अमेरिकेच्या नव्हे, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे लागला हे तिला नक्की लिहू द्या. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी पक्षीय सीमाआखणीचे खटले संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. राज्याच्या न्यायालयांची वाट तेवढी उरली.

‘डेव्ह्ज रीडिस्ट्रिक्टिंग’ हे संकेतस्थळ मोफत आहे. तिला तिथे स्वतः एक नकाशा आखायला लावा.