मदत हवी आहे: सी-६० प्लस आयनच्या उत्तेजित अवस्थेचं आयुष्य पंप-प्रोबने कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी, एमएस्सीचा सेमिनार आलाय डोक्यावर आणि एका ठिकाणी गाडी जाम अडकलीय, कोणी लेझरवाले असाल तर प्लीज वाचा.

विषय सी-६० चा (६० कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूचा) प्लस आयन. पंप-प्रोब म्हणजे पहिला लेझर पल्स (पंप) आयन उत्तेजित करतो आणि थोड्या वेळाने येणारा दुसरा (प्रोब) त्याची अवस्था तपासतो. ताऱ्यांच्या उजेडात ९५७७ आणि ९६३२ अँगस्ट्रॉमला ज्या दोन शोषणरेषा दिसतात त्या याच्या असाव्यात असं १९९४ मध्ये फोइंग आणि एरनफ्रॉइंड यांनी सुचवलं, मग २०१५ ला बासेलच्या मायर ग्रुपने हे आयन ट्रॅपमध्ये ६ केल्विनच्या आसपास थंड करून, त्यांना हेलियमचा अणू चिकटवून स्पेक्ट्रम घेतला आणि रेषा जुळल्या. फोटॉन गिळला की हेलियम गळतो, मास स्पेक्ट्रममध्ये हेलियमवाले आयन तेवढे कमी दिसतात, झालं! (मला तर हा प्रकार जाम आवडला, कारण ट्रॅपमध्ये आयन इतके विरळ की सरळ शोषण मोजायची सोयच नाही.)

रेषेची रुंदी साधारण २.५ सेमी इन्व्हर्स (लहरसंख्येचं एकक), आणि रेषा जितकी रुंद तितकं उत्तेजित अवस्थेचं आयुष्य कमी, म्हणजे ५.३ भागिले २.५, आयुष्य २ पिकोसेकंदांच्या आसपास. पण हे रुंदीवरून काढलेलं, त्यात आयनच्या फिरण्याचा (रोटेशनचा) वाटा किती? थेट मोजायचं म्हटलं तर १०० फेम्टोसेकंदाचा पल्स स्वतःच १५० सेमी इन्व्हर्स रुंद, आणि दोन रेषांत अंतर फक्त ६०, म्हणजे दोन्ही एकदम उठणार. १ पिकोचा पल्स घेतला तर रेषा वेगळ्या होतात पण मोजायच्या वेळेच्या निम्मा तर पल्सच. आणि मुख्य म्हणजे हेलियम पंपनेच गळून गेला तर प्रोबला सांगायला उरलं काय??

प्रतिसाद:
रोटेशनची काळजी नको, सी-६० चा रोटेशनल कॉन्स्टंट ०.००२८ सेमी इन्व्हर्स आहे, ६ केल्विनला त्याची रुंदी १ सेमी इन्व्हर्सच्या खालीच राहते. पल्स छोटाच घे. दोन्ही रेषा एकाच खालच्या पातळीवरून निघत असतील तर सिग्नलवर ०.५६ पिकोचे हेलकावे दिसतील, ते फिटमध्ये घालायचे, हेलकाव्यांखालचा सिग्नल ज्या वेगाने ओसरतो ते तुझं आयुष्य. २ पिकोसाठी डिले स्टेज (प्रोबची वाट लांबवणारा सरकता आरसा) फक्त ०.३ मिमी सरकते, प्रकाश जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापतो म्हणून.

हेलियमबद्दल तुझी शंका बरोबर आहे. टॅग (चिकटवलेला हेलियम) सोड, प्रोब असा निवड की उत्तेजित आयनच तो गिळेल आणि तुटेल, मग डिले बदलत तुकडे मोज. पण सी-६० मधून सी-२ (दोन कार्बनची जोडी) काढायला १० ईव्हीच्या (इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) वर लागतात, आणि मायक्रोसेकंदात तुटायला त्याच्या कितीतरी पट, एवढे फोटॉन घातलेस तर सिग्नल कशाचा तेच कळणार नाही. त्यापेक्षा सेमिनारमध्ये नॅफ्थलीन किंवा पायरीनचा कॅटायन (प्लस आयन) दाखव, त्यांचा हायड्रोजन ५ ईव्हीच्या आसपास सुटतो.

मूळ लेखक:
दादा, थँक्यू! पण पायरीन घेतलं तर प्रोबचा रंग कसा ठरवायचा? उत्तेजित अवस्था गिळेल पण तापलेली मूळ अवस्था (उत्तेजन कंपनांत उतरल्यावरची) गिळणार नाही असा हवा ना?