गॅलरीतून विमानं पकडायचा नाद

उलवेकर: एअरपोर्ट चालू झाल्यापासून डोक्यावरनं जाणारं विमान कुठलं ते अ‍ॅपवर बघत बसतो, पण स्वतःच्या अँटेनानं पण पकडता येतं म्हणे, काय काय लागतं?

खाडीपलीकडचा: आरटीएल-एसडीआर डोंगल घे, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, मूळचा टीव्ही बघायचा स्वस्त चिपसेट आहे त्यात. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची, वेग ओरडतच असतात, लॅपटॉपवर ते सिग्नल वाचणारं डम्प१०९० सॉफ्टवेअर टाकलं की नकाशावर सरकताना दिसतात, जाम भारी वाटतं!! अँटेना मात्र ग्रिलच्या बाहेर काढ.

नेरूळची मी: रास्पबेरी पाय, म्हणजे तो तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, असेल तर लॅपटॉप अडकून पडत नाही. आणि अँटेना विकत कशाला, साधी तार चालते, लांबी त्या सिग्नलच्या लाटेच्या पावपट (पाव तरंगलांबी) ठेवायची, म्हणजे जेमतेम ७ सेंमी.

उलवेकर: ७च? मग आजच, आईने कपडे वाळत घालायच्या आत जागा धरतो.