टायटल वनचा पैसा हवा, तर निकालाची अटही हवी

ओसरी:
अमेरिकेत गरीब वस्तीतल्या शाळांना १९६५ पासून 'टायटल वन'चा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी मिळतो. आता तो वर्षाला साधारण १८ अब्ज डॉलर आहे. एवढा पैसा घेणाऱ्या शाळेने मुलांना वाचता येतं का, गणित जमतं का, हे दाखवलंच पाहिजे. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी परीक्षा सक्तीची केली आणि निकाल गटवार मांडायला लावले: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, गरीब, दिव्यांग, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं. नुसत्या सरासरीत हीच मुलं झाकली जातात. म्हणून ही अट सैल करायची भाषा ऐकली की मला धास्ती वाटते.

रानवाट:
गटवार आकडे हवेतच. पण शिक्षेचं काय? त्याच कायद्यानुसार २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं 'प्रोफिशियंट', म्हणजे विषयात पुरेशी तयार, व्हायला हवी होती. एका गटाचं उद्दिष्ट हुकलं तरी अख्ख्या शाळेवर ठपका. सलग काही वर्षं हुकलं, तर शिक्षक-मुख्याध्यापक बदलण्यापर्यंत मजल. आणि 'प्रोफिशियंट' कुणाला म्हणायचं, ते प्रत्येक राज्याने आपापलं ठरवायचं! काही राज्यांनी पास व्हायची पातळीच खाली आणली. अटलांटात तर शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांमधली उत्तरं खोडून बदलली. २०११ च्या चौकशी अहवालात १७८ जणांवर ठपका होता, २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. नोकरी गुणांना बांधली की हेच होणार.

ओसरी:
अटलांटाचं मला जास्त लागतं ते मुलांसाठी. ज्याला वाचता येत नाही तो कागदावर पास झाला, तर त्याला जादा मदत कोण देणार? दोष मोजण्याचा नाही. शिवाय शंभर टक्क्यांचा हट्ट २०१५ च्या कायद्याने सोडला. आता टायटल वनमधल्या तळाच्या किमान ५ टक्के शाळा आणि एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलं हायस्कूल पुरं करत नाहीत अशा शाळा राज्याने शोधायच्या आणि सुधारणेचा आराखडा करून घ्यायचा. उपाय काय, तो राज्याने आणि शाळा चालवणाऱ्या स्थानिक शालेय जिल्ह्याने ठरवायचा. हे अन्याय्य कसं?

खडूफळा:
मी अशाच एका शाळेत पाचवीला शिकवते. दुसरीच्या पातळीवर वाचणारं मूल वर्षभरात चौथीच्या पातळीला पोचतं, तरी वसंतातल्या परीक्षेत ते 'खाली'च. दोन इयत्तांची ही झेप निकालात कुठे दिसते? नव्या कायद्यात प्रगती मोजायची मुभा आहे, पण तिला किती वजन द्यायचं ते राज्याच्या हातात. काही मुलं फेब्रुवारीत घर बदलून येतात, मेच्या आत पुन्हा जातात.

रानवाट:
नेमकं हेच. त्यात शाळांचा बहुतेक खर्च राज्याच्या आणि स्थानिक करांतून चालतो, मालमत्ता कराचा त्यात मोठा वाटा. त्या करातून श्रीमंत उपनगराला जास्त मिळतं, आणि मग दोघांना एकच पट्टी.

ओसरी:
पट्टी एकच हवी, पैसा वेगळा. गरीब वस्तीतल्या मुलासाठी पट्टी आखूड केली, तर पुढे कॉलेजात ते कमी पडेल तेव्हा भरपाई कोण करणार? खडूफळाताई, प्रगतीला जास्त वजन मिळावं हे मला पूर्ण मान्य. पण इयत्तेची पातळी गाठली का, हा रकाना खोडू नका.

खडूफळा:
खोडा असं मी म्हणतच नाही. त्याच्या शेजारी दुसरा रकाना तेवढ्याच ठळक अक्षरात छापा, आणि तळाच्या यादीत नाव आलं की आराखड्याबरोबर वाचन शिकवणारी आणखी एक शिक्षिका द्या.