नॅट किंग कोल पियानो इतका भारी वाजवायचा, हे कुणी सांगितलं का नाही?

काळी_चार

मी पेटीवाला. ठाण्यात दोन गाण्याच्या क्लासना साथ करतो, सणासुदीला भजनं मिळतात. जॅझमधलं ओ की ठो कळत नाही हे आधीच कबूल करतो, म्हणजे कुणी अंगावर येणार नाही.

नॅट किंग कोल मला माहीत होता तो घरातल्या एका कॅसेटमुळे. मखमली आवाज, मागे ढीगभर व्हायोलिनं, नाताळचं गाणं. बाबा रविवारी दाढी करताना लावायचे. गेल्या आठवड्यात लोकलमध्ये दाराशी उभा राहून त्याचं १९४० सालचं 'स्वीट लोरेन' ऐकलं आणि चक्रावलो. व्हायोलिन नाही, ड्रम नाही. पियानो, गिटार, बास, संपलं. गायकाची ओळ संपते, तो श्वास घेतो, आणि तेवढ्याशा फटीत पियानोवाला दोन-चार सूर टाकून पुढच्या ओळीआधी हात काढून घेतो. साथीला बसणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय. गायकाच्या पायात पाय न घालता भरणा करायचा म्हणजे काय असतं! मला सहा वर्षं झाली, अजून गुरुजींची बोलणी खातो.

म्हटलं हा पियानोवाला कोण? घाटकोपर येईपर्यंत शोधलं. तर गायक तोच!

आता प्रश्न. हा माणूस पियानोवादक म्हणून खरंच मोठा होता, की मीच येडबडलोय? आणि असला तर लोकांच्या लक्षात फक्त गळाच का राहिला? काय ऐकू तेही सांगा.

उत्तररात्र

बरा होता. पण त्याच काळात आर्ट टेटम वाजवत होता, त्याच्यापुढे बाकी सगळे पाणी कम. आणि गाणारे-वाजवणारे शोधत असशील तर शर्ली हॉर्न ऐक. स्वतःच्या गाण्याला इतकी संथ साथ करते की दोन सुरांमध्ये चहा होईल. सारा व्हॉनलाही विसरू नकोस. १९४३ मध्ये पियानोवादक अर्ल हाइन्सनं तिला बँडमध्ये घेतलं ते गायिका म्हणून आणि दुसरी पियानोवादक म्हणूनही. तिच्या पियानोबद्दल तरी कोण बोलतं?

वसईकर

काळी चार, वयानं लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. तू येडबडलेला नाहीस.

मी अकरा वर्षं मुंबईतल्या एका हॉटेलात संध्याकाळी सात ते अकरा पियानो वाजवला. शिकलो आमच्या वसईच्या चर्चमधल्या ऑर्गनवर. कोलचंही तसंच. जन्म १९१९ चा, अलाबामातल्या माँटगोमेरीचा. तो लहान असतानाच घर शिकागोला आलं. वडील बॅप्टिस्ट पाळक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, पहिले धडे तिचेच. मात्र खरा देव अर्ल हाइन्स. हाइन्सचा बँड तिथल्या ग्रँड टेरेस क्लबात वाजायचा आणि हा पोरगा बाहेर उभा राहून ऐकायचा.

(थोडं आडवळण. हाइन्स शिकागोत आला तेव्हा तिथं टेडी वेदरफर्ड नावाच्या पियानोवाल्याचा दबदबा होता. हा वेदरफर्ड पुढे आशियात आला, १९३० च्या दशकात आपल्या ताजमध्ये वाजवत होता, आणि १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीनं गेला. म्हणजे ज्या शिकागोच्या पाण्यावर कोल वाढला, त्यातली एक ओंजळ अपोलो बंदरावर सांडलेली आहे. हे आठवलं की मला उगाच बरं वाटतं.)

आता मुद्दा. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसात त्यानं तिघांचा संच बांधला. गिटारवर ऑस्कर मूर, बासवर वेस्ली प्रिन्स, नंतर जॉनी मिलर. ड्रम नाही, ही सगळी गंमत. त्याआधीच्या पद्धतीत पियानोवाल्याचा डावा हात खाली-वर उड्या मारत ठेका धरायचा. इथं चार मात्रा बासनं धरल्या, गिटारनं वरून हलकेच छाटल्या, आणि कोलचा डावा हात रिकामा झाला. रिकाम्या हाताचं त्यानं काय केलं? जवळजवळ काही नाही! दोन-तीन सुरांची बारीकशी चिमूट, तीही ठेक्याच्या जरा मागेपुढे. त्यामुळे उजव्या हाताची ओळ हवेत तरंगते. तू लोकलमध्ये ऐकलंस ते हेच.

उत्तररात्र, टेटमचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. पियानो-गिटार-बास हा घाट घेऊन टेटमनं स्वतःचा संच केला तो १९४३ मध्ये, कोलच्या सहा वर्षांनंतर. पियानोवादक ऑस्कर पीटरसननं १९५० च्या दशकात तेच केलं, आणि १९६५ मध्ये कोल वारल्यावर त्याच्या आठवणीत एक अख्खी रेकॉर्ड केली, चक्क स्वतः गाऊन. बोटांच्या वेगात टेटमला तोड नाही, मान्य. पण वेग म्हणजेच पियानो असं असेल तर मग टायपिस्टही कलाकार.

अजून एक. कोल वाजवताना तोंड लोकांकडे करून बसायचा. हात पियानोवर, मान वळलेली, हसतोय, गातोय, पट्ट्यांकडे बघणं नाही. दिसायला सोपं. मी एका शनिवारी भरल्या हॉलमध्ये करून बघितलं. कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघून छान हसलो आणि डावा हात एक पट्टी सरकून बसला. एक पट्टी! सूर असा निघाला की सूप वाढणारा वेटर पळी धरून तसाच थांबला. मॅनेजर काही बोलला नाही, पण पुढच्या महिन्यात पियानो भिंतीकडे तोंड करून लावला.

गळाच का लक्षात राहिला? पैशामुळे. १९४३ मध्ये तो कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीत गेला आणि गाणी चालायला लागली. १९४८ ला 'नेचर बॉय' व्हायोलिनांसकट आलं, १९५० ला 'मोना लिसा'. मग त्याला पियानोवरून उठवून मायक्रोफोनसमोर उभं केलं. उभं केलं म्हणतोय खरं, पण तो स्वतःही उठलाच. दोन पोरांच्या बापाला मी दोष देणार नाही, पुढे तर पाच झाली.

ऐकायचं काय:

१९४२ ची लेस्टर यंगबरोबरची चार रेकॉर्डिंग. सॅक्सोफोन, पियानो, आणि रेड कॅलेंडरचा बास. गाणं नाही. कोल तेवीस वर्षांचा. लेस्टर यंग आळसावल्यासारखा फुंकत असतो आणि हा पोरगा त्याच्या पाठीमागे घरात कुणी झोपलंय अशा बेतानं चालतो.

मग २ जुलै १९४४, लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक ऑडिटोरियममधली मैफल. लेस पॉलच्या गिटारशी त्याचा सवाल-जवाब ऐक, लोक किंचाळताना ऐकू येतात. करार कॅपिटलशी असल्यामुळे रेकॉर्डवर त्याचं नाव 'शॉर्टी नदीन' असं छापलं. नदीन हे बायकोचं नाव!

१९५५ साली नुसत्या पियानोची रेकॉर्डही केली त्यानं, पण मागे पुन्हा सगळा ऑर्केस्ट्रा. मला ती पाकातल्या पुरीसारखी लागते, दोन घास बरे, मग घसा बसतो. त्यापेक्षा १९५६ चं 'आफ्टर मिडनाइट' घे. छोटा संच, हॅरी एडिसनचा ट्रम्पेट, स्टफ स्मिथचं व्हायोलिन, आणि हा परत पियानोवर बसलेला. त्यात 'स्वीट लोरेन' पुन्हा आहे. १९४० चं आणि हे शेजारी ठेवून ऐक.

काळी_चार

वसईकर काका, काय लिहिलंय! भिंतीकडचा पियानो वाचून बसमध्ये एकटाच हसलो.

एक शंका. तुम्ही म्हणता तो पियानोवरून उठला. पण नंतरच्या, व्हायोलिनवाल्या गाण्यांतही तो शब्द जरा उशिरा टाकतो ना? ठेका पुढे जातो आणि हा मागून निवांत येऊन समेला बरोबर पोचतो. ते पियानोतूनच आलंय का?

वसईकर

शंभर टक्के, माझ्या मते. उजव्या हाताची सवय गळ्यात उतरली. पेटी घेऊन गाणाऱ्यांकडे बघ ना. जो स्वतः पेटीवर बसून गातो त्याचे श्वास वेगळे पडतात, कारण पुढची फट तो स्वतःच भरणार असतो. पेटी काढून घेतली तरी फटी तशाच राहतात.

रविवार_सकाळ

एवढी चर्चा झाली आणि एक गोष्ट कुणीच काढली नाही? डिसेंबर १९४६, मेट्रोनोम मासिकाच्या निवडक वादकांचं रेकॉर्डिंग. सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स आणि जॉनी हॉजेस, ड्रमवर बडी रिच. गाणं 'स्वीट लोरेन'. आणि गातोय फ्रँक सिनात्रा! कोल फक्त पियानोवर. स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या तोंडी, आणि हा गप्प बसून साथीला. काळी चार, तुमच्या कामाचं आहे.

उत्तररात्र

हे माहीत नव्हतं. टायपिस्टवाला टोमणा मात्र लक्षात ठेवीन, काका.

काळी_चार

ऐकलं. काल क्लास सुटल्यावर गुरुजींनाही ऐकवलं, फोनवरच, पेटीच्या झाकणावर ठेवून. त्यांना इंग्रजी गाण्याचं वावडं. डोळे मिटून बसले. मध्येच म्हणाले, "गाणारा बरा आहे. साथीला कोण?" म्हटलं, हे गाणं ज्याच्या गळ्यातून गाजलं तोच. ते एकदम डोळे उघडून म्हणाले, "आणि मध्ये मध्ये करत नाही? परत लाव."

चार वेळा लावलं. चौथ्या वेळी त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते इथं लिहीत नाही.

आता घरी बसवतोय. काका, तुमचं ते रिकाम्या डाव्या हाताचं मला लागू नाही, माझा डावा हात भात्यात अडकलेला. म्हणजे माझ्याकडे उजवा एकच. तूर्त एवढंच करतोय: ओळ संपली की मनात आधी श्वास घ्यायचा, मग सूर लावायचा. दहातल्या तीन वेळा जमतं. उरलेल्या सात वेळा पाय पायात.